कापसाच्या गाठींवरचा नाच

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं, "वसंतराव, तुमची चौतीस वर्षं रंगमंचावर गेली. त्यावर लिहा." मी त्यांना तिथल्या तिथे दुरुस्त केलं. माझी चौतीस वर्षं रंगमंचाखाली गेली. वर जे उभे राहिले त्यांनी हार घेतले, भाषणं ठोकली, गाणी म्हटली, एकाने तर माझ्या स्टेजवर भरसभेत पक्ष बदलला. मी तेव्हा खाली बसून काथ्याची गाठ आवळत होतो. तेव्हा वाचकांनी या लेखाकडून फार मोठ्या कलेची अपेक्षा ठेवू नये.

जळगावात माझा मंडप आणि स्टेजचा धंदा. आता मुलगा बघतो. त्याने लोखंडी पाइप आणि नटबोल्ट आणून त्यातली सगळी मजा घालवली, पण ते असो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या वेळचं स्टेज म्हणजे शेजारी शेजारी मांडलेल्या लाकडी चौक्या. त्या टेकवायला खाली लाकडी तिवया, म्हणजे घोड्या, नाहीतर रिकामी पिंपं. सगळं काथ्याने एकमेकांना बांधायचं, वर गोणपाट, त्यावर ताडपत्री, त्यावर सतरंजी. एवढं कोणीही करील. खरं कसब पुढे आहे. चांगलं स्टेज बोलत नाही. वक्ता इकडून तिकडे गेला की फळी कुरकुरते, अध्यक्ष खुर्चीत रेलले की चौकी करकरते आणि लोकांचं भाषणातलं लक्ष उडतं. म्हणून मी एकेका फटीत वर्तमानपत्राच्या घड्या ठासायचो. मग मधोमध काठोकाठ भरलेलं फुलपात्र ठेवायचं आणि उखाभाऊने शेजारी उडी मारायची. उखाभाऊ म्हणजे माझा उजवा हात. वयाने माझ्याहून सात वर्षांनी मोठा, वजनाने माझ्या दुप्पट. पाणी सांडलं नाही आणि कानाला काही लागलं नाही, की स्टेज पास.

या न बोलण्यापायी मी बोलणीही खाल्ली आहेत. चाळीसगावला एक वक्ते दर मुद्द्याला पाय आपटायचे. भाषण संपल्यावर ते मला म्हणाले, "तुमचं स्टेज मेलेलं आहे हो. माझ्या मुद्द्यांना वजनच आलं नाही." मी म्हटलं, "साहेब, स्टेज भाड्याने मिळतं. मुद्द्यांचं वजन आम्ही ठेवत नाही." पुढच्या सभेला त्यांनी दुसऱ्याला बोलावलं. साक्रीला बाजाराच्या दिवशी एका शाळेचा बक्षीस समारंभ होता. उन्हाला कंटाळून दहाबारा शेळ्या स्टेजखाली सावलीला शिरल्या. पाहुणे वाक्य संपवून थांबले की खालून त्यांना होकार यायचा. पाहुण्यांना वाटलं, गाव फार गुणग्राहक आहे. त्यांनी भाषण अर्धा तास वाढवलं.

पण स्टेज वाजलं पाहिजे म्हणणारं गिऱ्हाईक मला चौतीस वर्षांत एकच भेटलं.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार असेल. जळगावातल्या एका कॉलेजात मराठी शिकवणारे सोनवणे सर दुकानात आले. वय तिशीच्या आत, दाढी वाढवलेली, खांद्याला शबनम. त्यांनी कोणाच्या तरी घरी व्हिडिओवर परदेशातल्या कॉलेजची पोरं नाचताना पाहिली होती. ढोल नाही, ताशा नाही. सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं, पाय आपटायचे आणि टाळ्या द्यायच्या, बास. सर तेव्हापासून भारावले होते. त्यांनी त्यावर नाटक लिहिलं होतं. एका कॉलेजचे प्राचार्य गॅदरिंगमध्ये वाद्यांवर बंदी घालतात. मुली म्हणतात, वाद्यांवर बंदी आहे ना, पायांवर नाही. मग त्या नुसत्या पायांच्या ठेक्यावर नाच बसवतात, शेवटच्या मोठ्या नाचाने प्राचार्यांना पाझर फुटतो आणि पडदा पडतो.

"म्हणजे स्टेज वाजलं पाहिजे, वसंतराव. जितकं वाजेल तितकं हवं," सर म्हणाले.

जन्मभर वर्ग गप्प बसवणाऱ्या मास्तराला, पोरांना ओरडायला शिकवा म्हणावं, तसं माझं झालं. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. मी गोणपाट काढलं, सतरंजी काढली, फटींतल्या घड्या उपसल्या आणि चौक्या थेट रिकाम्या पिंपांवर टाकल्या. उखाभाऊने उडी मारली तर गल्लीतली कुत्री उठून गेली. सरांनी मला मिठी मारली. मला मात्र रात्रभर वाटत राहिलं की आपण धंद्याशी बेइमानी केली.

नाटकातली मुख्य मुलगी ललिता. धरणगावची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, रोज गाडीने जळगावला ये-जा करायची. एरवी बोलताना तोंडावर हात धरणारी, चहा नको म्हणतानाही लाजणारी. स्टेजवर चढली की वेगळीच. पहिल्या तालमीत तिने डावा पाय आपटला आणि सभागृहातला झाडूवाला झाडू टाकून बघत राहिला. जळगावचा प्रयोग गाजला. मग धुळ्याच्या स्पर्धेतही आमची पिंपं वाजली. तिथे मुंबईच्या एका नाटक कंपनीचे मालक बसले होते. आठवडाभरात ललिताला त्यांचं पत्र आलं. नवं नाटक, चांगली भूमिका, दौरे, मुलींची राहण्याची सोय, सगळं नीट लिहिलेलं. अमुक सोमवारी हजर व्हा, नाहीतर दुसरी मुलगी घेऊ, असं शेवटी होतं.

आता ललिताचे वडील हिरामण नाना. धरणगावात त्यांचं कापसातली सरकी काढून गाठी बांधायचं जिनिंग होतं. सहा फूट उंची, पांढरं धोतर, काळा कोट, टोपी, आणि हसण्याची सवय नाही. मुलगी नाटकात काम करते एवढं त्यांना माहीत होतं. एकही प्रयोग त्यांनी पाहिलेला नव्हता. त्यातच धुळ्याच्या एका चांगल्या घरातून ललिताला मागणी आलेली.  पत्र वाचल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांचा सरांना निरोप आला की नाटक धरणगावात माझ्या जिनिंगच्या आवारात करा, दुपारी चारला, पाहुण्यांनाही मी बोलावतो. लपवाछपवी नको, मुलगी नाचते हे त्यांना लग्नाआधी कळू दे. मीही बघतो. मग मुंबई की धुळे, ते तिथंच सांगतो.

ललिता दुकानात येऊन म्हणाली, "वसंतकाका, नाना एकदाच बघणार आहेत. स्टेज चांगलं वाजू द्या." मी छातीवर हात ठेवून शब्द दिला. तो कसा पाळला ते आता सांगतो, आणि आधीच कबूल करतो की मला अजून त्याची लाज वाटते.

लग्नसराई होती. माझी पिंपं दोन मांडवांत अडकली होती. चौक्या घेऊन मी आणि उखाभाऊ धरणगावला पोचलो आणि नानांना अडचण सांगितली. नानांनी आवाराकडे हात केला. तिथे दाबलेल्या कापसाच्या गाठींची रास लागली होती.

"पिंपनी काय गरज शे, भाऊ? गाठी शेतस ना. लागतीन तितल्या ल्या."

वाचकहो, दाबलेली गाठ म्हणजे दगड. सारखी उंची, सारखी रुंदी, हलत नाही, डुलत नाही. जन्मभर घोड्यांखाली विटांचे तुकडे सारणाऱ्या माणसाला ती रास बघून काय वाटलं असेल ते त्यालाच माहीत. एकावर एक दोन गाठी, अशा रांगा आम्ही लावल्या. मधोमध माइकची वायर न्यायला माणूस सरपटेल एवढी बोळ ठेवली. वर चौक्या. नानांच्या दारात कमीपणा नको म्हणून गोणपाट, ताडपत्री आणि एकाऐवजी दोन सतरंज्या. आवारात बिडीला बंदी असल्यामुळे उखाभाऊ सकाळपासून चिडलेला होता, त्याने तो राग उडीत काढला. फुलपात्रातल्या पाण्यावर तरंगसुद्धा उठला नाही. माझे डोळे भरून आले. असं स्टेज मी त्याआधी बांधलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

ते वाजायला हवं होतं, हे माझ्या डोक्यातून साफ निघून गेलं होतं. उखाभाऊच्याही. सर मुलींच्या वेण्यांत अडकले होते.

चारला आवार भरलं. पहिल्या रांगेत नाना, त्यांच्या शेजारी धुळ्याचे पाहुणे. पाहुण्यांतले वडीलधारे दगा आबा, नवऱ्या मुलाचे आजोबा, छडीवर हनुवटी टेकून बसलेले. पडदा उघडला. प्राचार्यांनी वाद्यांवर बंदी घातली. मुली रांगेत उभ्या राहिल्या. ललिता पुढे आली, हात कमरेवर ठेवले आणि डावा पाय पूर्ण ताकदीने आपटला.

काही नाही.

गादीवर उशी टाकल्याचा तरी आवाज होतो. तिने उजवा आपटला. तेच. मागच्या आठ मुलींनी मिळून आपटला. कापसाने सगळं पोटात घेतलं. मुली नाचत होत्या, घामाघूम होत होत्या आणि आवारात चिमण्यांचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता. प्रेक्षकांत कोणी तरी म्हणालं, "आवाज कोठे गया रे?" दुसरा म्हणाला, "पोरी, जोरमा आपट ना." तिसऱ्याने समजूत घातली की हे मुक्यांचं नाटक असेल.

विंगेत सोनवणे सरांनी माझी कॉलर धरली. सर अहिंसावादी होते, त्यामुळे धरून पुढे काय करायचं ते त्यांना सुचेना. "काय केलंत हे?" एवढंच त्यांनी विचारलं.  मी आयुष्यातलं सर्वांत उत्तम काम केलं होतं.

पुढचा प्रवेश बोलण्याचा होता, दहा मिनिटांचा. मला एकच उपाय सुचला. बोळीवरची मधली चौकी तेवढी खालून पोकळ होती. मी आणि उखाभाऊ खुंट्या ठोकायच्या मोगऱ्या घेऊन मागच्या बाजूने बोळीत शिरलो. ललिता पाय आपटील तसं आम्ही खालून ठोकायचं. अडचण एकच होती. आम्हाला तिचे पाय दिसत नव्हते. आणखी एक होती, उखाभाऊचं पोट दोन गाठींमध्ये अडकलं, पण तो जिथे अडकला तिथूनही हात पोचत होता.

दुसरा नाच सुरू झाला. अंदाजाने आम्ही ठोकू लागलो. वरून धमधम आवाज निघाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्हाला हुरूप आला. एवढा हुरूप आला की नाच कधी थांबला ते कळलंच नाही. ललिता पुढे येऊन, डोळ्यांत पाणी आणून, प्राचार्यांसमोर गप्प उभी होती आणि तिच्या स्थिर पायांखालून स्टेज खणखणीत तीनदा वाजलं.

आवारात हशा पिकला. मी मोगरी छातीशी धरून गोठलो.  मग वरून ललिताचा आवाज आला, शांत, अगदी लिहून दिल्यासारखा, "पाय थांबवता येतील, सर. जमिनीला कसं थांबवाल?"

टाळ्यांनी आवार दणाणलं. त्या वेळी मी उखाभाऊला म्हटलं की ही पोरगी नटी होणार, कोणाच्या बापाने अडवली तरी. तेवढ्यात बोळीच्या दुसऱ्या तोंडाशी अंधार झाला आणि तिचा बाप आत येताना दिसला.

हिरामण नाना काळ्या कोटासकट, धोतराचा सोगा तोंडात धरून, कोपरांवर सरपटत येत होते. पाहुण्यांना ते 'मशीन दखी येस' एवढं सांगून उठले होते. जिनिंगचा मालक आवाजावरून यंत्राचा बिघाड ओळखतो. उभ्या मुलीखालून तीन ठोके आले तेव्हाच त्यांनी ओळखलं की बिघाड खाली आहे. माझ्याजवळ येऊन त्यांनी सोगा तोंडातून काढला.

"हाई काय लायेल शे?"

मी सगळं कबूल केलं. शेवटचा मोठा नाच अजून बाकी आहे, आठ मिनिटांचा आहे आणि आम्हाला त्यातलं काही येत नाही, हेही सांगितलं. नानांनी हात पुढे केला.

"मोगरी द्या इकडे. बठ्ठं नाटक बिघाडी टाकं तुम्ही."

"नाना, ती कधी कुठला पाय टाकते ते तुम्हाला कसं कळणार?"

"मले माहीत शे," नाना म्हणाले. "दोन महिना व्हई ग्यात, मन्हा डोकावर नाची राह्यनी ती. माडीवर ती, खाले मी. पहाटे पाचले. झोपू दिन्हं नही एक दिवस. बठ्ठं पाठ व्हई गयं."

वर शेवटचा नाच सुरू झाला. नाना पाठीवर उताणे पडले, टोपी सरळ केली आणि डोळे मिटले. मग ते वाजवू लागले. डावा, डावा, उजवा, थांबा. मी पखवाज ऐकला आहे, ढोल ऐकला आहे, पण असा नेमका हात ऐकला नाही. मध्येच ते मला सांगायचे, "आते ती फिरी. मोजा, चार... आते डावा." आणि वरून टाळी यायची, म्हणजे ललिता फिरलेली असायची, डावा पडलेला असायचा. एकदा ते म्हणाले, "आठे ती नेहमी चुकस," आणि मोगरी अर्धा क्षण उशिरा लावली. वर तीही तेवढीच उशिरा आली असणार, कारण कोणी हसलं नाही.

कापसाची तूस उडत होती. उखाभाऊला शिंक आली, त्याचं कपाळ चौकीवर आपटलं आणि एक ठोका जादा पडला. नानांनी डोळे न उघडता त्याला एक शिवी दिली. आठ मिनिटांत तेवढीच एक चूक झाली.

नाच संपला. वरचं आवार उभं राहिल्याचा आवाज आम्हाला खाली ऐकू आला. नाना तसेच पडून होते. त्यांच्या मिशीत कापूस होता आणि डोळ्यांतून पाणी कानाकडे जात होतं. मला म्हणाले, "तूस गई डोयामा." मी म्हटलं, "हो नाना, फार तूस आहे." उखाभाऊ म्हणाला, मले बी गई. तो अडकलेला होता म्हणून रडत होता.

नाना पाहुण्यांसमोर गेले तेव्हा कोट पांढरा झाला होता आणि धोतर काळं. दगा आबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग ते समाधानाने म्हणाले, "नाना, पोरगी पसंत शे आमले. आते नाचनं तेवढं बंद करी टाका."

ललिता विंगेत उभी होती. तिच्या हातात पत्राची घडी होती. नानांनी बाहीवरचा कापूस झटकला.

"आबा, ती सोमवारे मुंबईले जाई राह्यनी."

"मंग लगीन?"

"ते तिले इचारसूत. तिन्हं काम व्हई जावो पहिले."

आबांना राग आला. "तुम्ही नाटक दखं बी नही. खुर्ची रिकामीच व्हती तुमनी."

"दखं नही," नाना म्हणाले. "पन आयकं." आणि सगळ्यांना जेवायला चला म्हणाले. पाहुणे रागावले होते, पण भरीत आणि पुऱ्या तयार होत्या. राग त्यांनी जेवणानंतर पुढे चालू ठेवला.

ललिताला तुम्ही पाहिलं असेल. मुंबईला रडवणाऱ्या भूमिकांसाठी गेली आणि हसवणाऱ्या भूमिकांसाठी ओळखली गेली. ऐन वेळी काही बिघडलं की तिला जे सुचतं ते लिहिलेल्यापेक्षा चांगलं असतं, असं म्हणतात. सोनवणे सर अजून सांगतात की जमिनीचं ते वाक्य त्यांनीच लिहिलं होतं. ललिता मुलाखतींत सरांचं नाव घेते, कंपनीच्या मालकांचं घेते. माझं किंवा उखाभाऊचं कधी घेत नाही. माझी तक्रार नाही, पण लिहायला बसलोच आहे तर नोंद असावी. आणि मी दिलेला शब्द मोडला, हेही त्याच नोंदीत असावं. पोरीचं नशीब माझ्या हलगर्जीपणावर टांगलं होतं त्या दुपारी. 

ती गेल्यानंतरच्या बुधवारी मी चौक्या परत आणायला धरणगावला गेलो. चहा झाल्यावर नाना मला माडीवर घेऊन गेले. ती जिथे तालीम करायची तिथल्या दोन फळ्या ढिल्या झाल्या होत्या. पाय ठेवला की बोंबलायच्या. नाना म्हणाले, "पाच वाजता जाग येस अजून. काहीच वाजत नही." मी पिशवीतून हातोडी काढली. माझा धंदाच तो. म्हटलं, "नाना, दोन खिळ्यांचं काम आहे. फळ्या गप्प करून देतो."

नानांनी हातोडी माझ्या हातातून काढून घेतली आणि पिशवीत परत ठेवली.

आमच्या खान्देशात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात.

"राहू द्या भाऊ," नाना म्हणाले. "अखाजीले येई ती."